‘आधीचे एकवीस बघायलाच हवेत का?’ : जादू, सुपरहिरो आणि थरारपटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या नातेवाइकांत आणि मित्रमंडळींत ‘काय बघू?’ हा प्रश्न का कोण जाणे, माझ्याकडेच येतो. शुक्रवार आला की फोन सुरू. प्रश्न तेच, उत्तरंही तीच, म्हणून एकदाचं लिहून ठेवते. शेवट फोडलेले नाहीत. जिथे थोडं आतलं सांगावं लागलं तिथे आधी सावध केलं आहे.

तुम्ही समीक्षक नाही, कुणाच्या फॅनही नाही. मग तुमचं का ऐकायचं?

नका ऐकू. पण समीक्षकाला आलेला प्रत्येक सिनेमा बघावा लागतो आणि कट्टर चाहत्याला प्रत्येक सिनेमा आवडून घ्यावा लागतो. माझ्यावर यातली कुठलीच सक्ती नाही. कंटाळा आला तर मी उठून कुकर लावते. जो सिनेमा मला कुकर विसरायला लावतो, त्याबद्दल बोलायचा मला अधिकार आहे असं मी समजते.

ताई, ‘एंडगेम’ बघायचा आहे. आधीचे एकवीस बघायलाच हवेत का?

नाही. हा या यादीतला सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मार्व्हल या अमेरिकी कंपनीच्या सुपरहिरो सिनेमांची ही साखळी २००८ साली ‘आयर्न मॅन’पासून सुरू झाली आणि २०१९ चा ‘एंडगेम’ त्यातला बाविसावा. एकवीस सिनेमे बघणं म्हणजे दिवाळीची अख्खी सुट्टी घालवणं. चार पुरतात: ‘आयर्न मॅन’, पहिला ‘अ‍ॅव्हेंजर्स’ (२०१२), ‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’ (२०१६) आणि ‘इन्फिनिटी वॉर’ (२०१८). पहिल्यात टोनी स्टार्क हा माणूस कळतो, दुसऱ्यात ही सगळी मंडळी एकत्र का आली ते कळतं, तिसऱ्यात त्यांचं का फाटलं ते. आणि चौथा तर ‘एंडगेम’चा पूर्वार्धच आहे, तो गाळून चालणारच नाही. हौस असेल तर २०१४ चा ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ घ्या. गमोरा आणि नेब्युला या बहिणींचं आणि त्यांच्या बापाचं (तोच ‘एंडगेम’चा खलनायक) जे काही चाललं आहे ते त्यामुळे समजतं. शिवाय तो सिनेमा स्वतःच्या पायावर उभा आहे आणि धमाल आहे.

बाकी जे कळणार नाही ते शेजारी बसलेला कॉलेजचा मुलगा सांगेल. न विचारता सांगेल.

थेटरात मध्येच कुणीतरी येतो, सगळे शिट्ट्या मारतात, आणि मला कळतच नाही तो कोण. वाईट वाटतं.

वाईट वाटून घेऊ नका. लग्नात नवऱ्याकडचे अर्धे पाहुणे आपल्याला कुठे माहीत असतात? जेवण चांगलं असलं म्हणजे झालं.

मात्र एक तक्रार रास्त आहे. हल्ली काही सिनेमे आपण आधी अभ्यास करून आलो आहोत असं धरूनच सुरू होतात. २०२२ च्या दुसऱ्या ‘डॉक्टर स्ट्रेंज’मध्ये वांडा ही जादूगार बाई इतकी का बिथरली आहे हे नीट समजायला २०२१ ची ‘वांडाव्हिजन’ ही मालिका बघितलेली लागते. तिकिटाचे पैसे घ्यायचे आणि वर गृहपाठही द्यायचा, हे मला पटत नाही.

स्पायडरमॅन तीन-तीन का आहेत?

व्यवहार. नव्वदच्या दशकात मार्व्हल कंपनीची आर्थिक अवस्था बिकट झाली, १९९६ साली तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. त्या काळात तिने आपल्या पात्रांचे चित्रपटहक्क निरनिराळ्या स्टुडिओंना विकले. स्पायडरमॅन सोनीकडे गेला, एक्स-मेन फॉक्सकडे. सोनीने २००२ पासून टोबी मॅग्वायरला घेऊन तीन सिनेमे काढले, २०१२ पासून अँड्र्यू गारफिल्डला घेऊन दोन. मग २०१५ मध्ये सोनी आणि मार्व्हल यांच्यात समझोता झाला आणि २०१६ च्या ‘सिव्हिल वॉर’मध्ये टॉम हॉलंड आला.

माझं मत विचाराल तर टोबीचा दुसरा (२००४) सगळ्यांत उत्तम. घरभाडं थकलेला, पिझ्झा पोचवायला उशीर करणारा, कॉलेजात झोपा काढणारा पोरगा त्यात आहे. सुपरहिरो असणं हे परवडत नाही, हे इतक्या साधेपणाने दुसऱ्या कुठल्या सिनेमात दिसत नाही. २०१२ चा मात्र इरफान खानसाठी बघायला जाऊ नका. आहे, पण चिमूटभर.

आणि मुलं असतील तर अ‍ॅनिमेशनवाले दोन (२०१८ आणि २०२३) चुकवू नका. दुसऱ्यात मुंबई आणि मॅनहॅटन यांचं मिश्रण केलेलं एक शहर आहे, तिथला स्पायडरमॅन आपला देशी आहे, आणि तो सिनेमा भारतात मराठीसकट दहा भाषांत लागला होता.

काका म्हणतात, ‘माणूस उडतो कसा? लॉजिक नाही काही.’ त्यांना काय सांगू?

काकांना आठवण करून द्या की १९९३ साली ‘झपाटलेला’ त्यांनी सहकुटुंब बघितला होता. तिथे एका गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि तो बाहुला पळतो. कुणी विचारलं नाही की कसा पळतो. का? कारण सिनेमाने नियम स्पष्ट सांगून टाकला. तात्या विंचूने आपलं खरं रूप पहिल्यांदा ज्याला सांगितलं, त्याच्याच शरीरात त्याला शिरता येईल. म्हणजे लक्ष्याच्या. बस्स, एवढं कळलं की पुढची सगळी पळापळ समजते, आणि रामदास पाध्यांचा तो बाहुला नुसता मान वळवून बघायला लागला तरी पोटात गोळा येतो.

माझा मुद्दा एवढाच आहे. उडणं, गायब होणं, भूतकाळात जाणं, सगळं चालतं. पण नियम आधी सांगा, नंतर आपल्या सोयीने वाकवू नका, आणि ताकदीची किंमत कुणाला तरी मोजायला लावा. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधली अंगठी घातली की माणूस दिसेनासा होतो, पण त्याच क्षणी तो शत्रूच्या नजरेला पडतो. किती सोपा नियम! त्यामुळे ती अंगठी बाळगणाऱ्या फ्रोडोचा हात खिशाकडे गेला तरी आपण खुर्चीत सरसावून बसतो. उलट, ज्या मालिकेत मेलेली पात्रं दोन सिनेमांनंतर ‘दुसऱ्या विश्वातून’ परत येतात, तिथे पुढच्या वेळी कुणी मेलं तर मी पॉपकॉर्न खात राहते.

काका तरीही ऐकणार नाहीत. ते सोडा.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ फार लांब आहे हो. झेपेल का?

झेपेल, पण एका बैठकीत तिन्ही लावू नका. प्रत्येक भाग साधारण तीन तासांचा, तिसरा तर तीन तास एकवीस मिनिटांचा. लांबवलेल्या आवृत्त्याही आहेत, त्यांच्या वाटेला पहिल्यांदाच जाऊ नये.

पीटर जॅक्सनने हे तिन्ही भाग न्यूझीलंडमध्ये एकाच दमात चित्रित केले, ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २०००, आणि मग २००१, २००२, २००३ अशा ओळीने आणले. म्हणूनच पात्रांचे चेहरे, कपडे, मळ, थकवा सगळं एकसंध वाटतं. पहिल्या भागाच्या सुरुवातीला जादूगार गँडाल्फ आणि बुटका फ्रोडो घोडागाडीत शेजारी शेजारी बसून गप्पा मारत येतात, तो प्रसंग नीट बघा. फ्रोडो केवढासा दिसतो! तिथे संगणकाची करामत नाही. गाडीचं बाकच असं बनवलं होतं की फ्रोडोचं काम करणारा एलायजा वुड बराच मागे बसलेला असतो, आणि कॅमेऱ्यातून दोघे एका ओळीत दिसतात. आपण सहलीत मित्राच्या तळहातावर ताजमहाल ‘ठेवून’ फोटो काढतो, तेच तंत्र. आज पंचवीस वर्षं होत आली तरी ते दृश्य जुनं झालेलं नाही. त्यानंतरच्या कितीतरी महागड्या सिनेमांतले राक्षस मात्र आता प्लॅस्टिकचे वाटायला लागले आहेत.

तिसऱ्या भागाला अकरा नामांकनं होती आणि अकराही ऑस्कर मिळाले. शेवट जरा लांबतो, हे खरं. संपला संपला म्हणून चपला शोधाव्यात तर पुन्हा नवा प्रसंग. पण इतक्या मोठ्या प्रवासानंतर पाहुण्याला दारातच निरोप द्यायचा नसतो, म्हणून मी माफ केलं.

मुलगी आठ वर्षांची आहे. हॅरी पॉटर दाखवू का?

पहिला (२००१) खुशाल. दुसऱ्यात मोठे कोळी आणि अजस्र साप आहेत, शेजारी बसा. तिसऱ्यापासून (२००४) दिग्दर्शक बदलतो, अल्फॉन्सो क्वारोन येतो, आणि रंग काळवंडतात. मला स्वतःला आठांपैकी तोच सर्वांत आवडतो. पण त्यातले ते आनंद शोषून घेणारे डिमेंटर रात्री मुलांच्या स्वप्नात येतात, हे गृहीत धरा. चौथ्यापासून (२००५) मृत्यू येतो आणि मग तो थांबत नाही. मुलीला दरवर्षी एक असा दाखवलात तर सोळाव्या वर्षाच्या आत मालिका संपते. सिनेमेही जवळपास तसेच आले होते, दहा वर्षांत आठ.

सेन्सॉरचं प्रमाणपत्रही बघत जा. नव्या नियमांत यूए हा एकच शिक्का न ठेवता ७+, १३+, १६+ असे तीन भाग केले आहेत, ते पोस्टरवर छापलेलं असतं. १३+ असलेल्याला पाच वर्षांचं पोर घेऊन येणाऱ्या आणि मग ते रडलं की वैतागणाऱ्या पालकांविषयी मी इथे काही लिहीत नाही.

सगळे हिरो पोरके का असतात?

सुपरमॅनचा ग्रहच फुटला, बॅटमॅनच्या आईवडिलांना गल्लीत गोळ्या घातल्या, स्पायडरमॅनला, म्हणजे पीटर पार्करला, काकाकाकूंनी वाढवलं, हॅरीही पोरका, फ्रोडोही. लेखकाची सोय आहे ती. रात्री दोनला काळे कपडे घालून खिडकीतून निघालेल्या मुलाला ‘जेवून जा’ म्हणणारं घरात कुणी असलं की गोष्ट पुढे सरकत नाही. आपल्याकडे घर असं सहज पुसता येत नाही. ‘क्रिश’मध्ये (२००६) आजी आहे, आणि नातवाची ताकद जगापासून लपवायला तीच त्याला डोंगरात घेऊन जाते. पुढे ‘दृश्यम’बद्दल लिहिलं आहे, तिथे तर घर वाचवणं हीच सगळी गोष्ट आहे.

सुपरहिरो सिनेमाचा शेवट नेहमी सारखाच का? आकाशात निळा झोत, खाली पडणाऱ्या इमारती…

हो ना! शेवटची वीस मिनिटं म्हणजे मला डुलकीची वेळ. शहर कोसळतं, पण त्या शहरात आपल्या ओळखीचं कुणीच राहत नसतं. हजारो माणसं धोक्यात असण्यापेक्षा ओळखीचं एक माणूस धोक्यात असलं तर जीव जास्त टांगणीला लागतो.

याला उतारा म्हणून ‘द डार्क नाइट’ (२००८) बघा. दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनने शिकागोच्या रस्त्यावर अठरा चाकी ट्रक खराखुरा उलटवला आहे, आणि तो उलटतो तेव्हा जमीन हादरल्यासारखी वाटते. पण त्या सिनेमातला सगळ्यांत भारी प्रसंग ट्रकचा नाही. चौकशीच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, बॅटमॅन आणि जोकर. बॅटमॅन मारतो, आणि जोकर हसतो, कारण माराने त्याचं काहीच बिघडत नाही. ज्याला भीतीच नाही त्याच्यापुढे ताकद कुचकामी ठरते, हे त्या खोलीत दिसतं. जोकरचं काम करणारा हीथ लेजर सिनेमा लागण्यापूर्वीच, जानेवारी २००८ मध्ये गेला. ऑस्कर मरणोत्तर मिळालं.

मुलांना दाखवू नका. पेन्सिलवाला प्रसंग येतो तेव्हा कळेल का ते.

थरारपटाचं रहस्य आधीच कळलं तर मजा जाते ना?

धक्क्याची मजा जाते. उत्कंठेची नाही. थरारपटांचा नामांकित दिग्दर्शक हिचकॉक याने हा फरक फार छान समजावून सांगितला होता. टेबलाभोवती माणसं गप्पा मारत बसली आहेत आणि अचानक बॉम्ब फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो अमुक वाजता फुटणार आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवलं, तर त्याच रटाळ गप्पा असह्य होतात. ‘अरे, गप्पा काय मारताय, उठा!’ असं ओरडावंसं वाटतं.

याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे पुण्यात घडणारा श्रीराम राघवनचा ‘अंधाधुन’ (२०१८). (सावधान, पुढचं परिच्छेदभर सिनेमाच्या पूर्वार्धातलं आहे.) आंधळा असल्याचं सोंग करणारा पियानोवादक एका घरी वाजवायला येतो. तिथे जमिनीवर प्रेत पडलं आहे. त्याला दिसतं, पण दिसतं आहे असं दाखवता येत नाही. मग तो वाजवत राहतो, आणि त्याच्या पाठीमागे घरची बाई आणि तिचा यार मिळून ते प्रेत बॅगेत भरतात, रक्त पुसतात. हाताच्या खुणा, हलकी पावलं, बोलणं नाही. नुसता पियानो. बॉम्ब आपल्याला दिसतो आहे, वाजवणाऱ्यालाही दिसतो आहे, आणि बोटं थांबवायची सोय नाही. तब्बूचा चेहरा त्या प्रसंगात बघा. घाबरलेली बाई इतकी व्यवस्थित काम करताना मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेली नाही.

हा मी पुन्हा पुन्हा बघितला आहे. काय होणार ते माहीत असूनही घसा कोरडा पडतो.

‘दृश्यम’ मल्याळी बघू की हिंदी?

वेळ असेल तर दोन्ही. मूळ जीतू जोसेफचा, २०१३ चा, मोहनलालचा. तो संथ आहे, आणि संथपणातच त्याची मजा आहे. शेतीभाती, कुटुंब, गावातली कुरबुर यांत बराच वेळ जातो, म्हणून संकट आलं की घरच्यांवर आल्यासारखं वाटतं. त्याचे कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, एवढंच काय सिंहली आणि चिनी अवतारही निघाले.

हिंदी (२०१५) निशिकांत कामतचा. ‘डोंबिवली फास्ट’वाला. मध्यमवर्गीय माणूस कोपऱ्यात सापडला की कसा वागतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं. गोष्ट गोव्यात आणल्यामुळे आपल्याला साळगावकर, देशमुख, गायतोंडे ही नावं ओळखीची वाटतात. कमलेश सावंतचा गायतोंडे पडद्यावर आला की हात शिवशिवतात, इतका तो चीड आणतो.

मला या गोष्टीत सगळ्यांत काय आवडतं सांगू? नायक केबलवाला आहे, चौथी नापास, आणि रात्र रात्र ऑफिसात बसून सिनेमे बघतो. त्याच्याकडे ना जादू, ना बंदूक, ना पैसा. त्याची ताकद म्हणजे बघितलेले सिनेमे. आणि पोलिसांपुढे येणारे साक्षीदार खोटं बोलत नाहीत, त्यांना जे खरं वाटतं तेच सांगतात. इथे थांबते. दोन ऑक्टोबरला काय झालं ते मी सांगणार नाही.

‘तुंबाड’ भयपट आहे ना? मला भूत चालत नाही.

भूत नाही. मी त्याला आजीने सांगावी अशी, पण आजी जरा कठोर मनाची असावी अशी गोष्ट म्हणेन. राही अनिल बर्वेचा हा सिनेमा २०१८ मध्ये आला तेव्हा फार जणांनी बघितला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला.

कोकणातलं गाव, पडका वाडा, आणि न थांबणारा पाऊस. (थोडं आतलं सांगते.) सोन्याचा आणि धान्याचा लोभी असलेला देवीचा मुलगा हस्तर तिच्याच उदरात कोंडला आहे. सोनं त्याच्यापाशी आहे, पण अन्न नाही. म्हणून सिनेमाचा नायक विनायक कणकेची बाहुली घेऊन दोराने खाली उतरतो, भोवती पिठाचं रिंगण आखतो, आणि हस्तर बाहुली खात असेपर्यंत त्याच्या लंगोटातून मोहरा ओरबाडतो. नियम केवढा काटेकोर! बाहुली संपेपर्यंत हाताला लागेल तेवढंच सोनं, आणि चुकलात तर मरणही मिळत नाही. मघाशी किंमत मोजायला लावण्याबद्दल लिहिलं, त्याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. आणि सगळं किती ओळखीचं: सोवळ्यातली माणसं, पितळेची भांडी, ओल धरलेल्या भिंती.

जेवताना बघू नका.

इंग्रजी सिनेमात इंटरव्हल असं मधेच का येतं?

कारण त्यांनी ते ठेवलेलंच नसतं. आपल्याकडची थेटरं आपल्या सोयीने मध्यावर कापतात, आणि कधी कधी पात्राचं वाक्य अर्धं राहतं. समोशांचा धंदा आहे, त्यालाही इलाज नाही. याच्या उलट हिंदी-मराठी थरारपटात इंटरव्हलचा क्षण लेखक मुद्दाम घडवतो. ‘अंधाधुन’चं मध्यंतर आठवा. चहाच्या रांगेत कुणी बोलत नाही.

थ्रीडी घ्यावं का?

चष्म्याने पडदा काळवंडतो. आधीच हल्ली सुपरहिरो अंधारातच मारामाऱ्या करतात. ‘अवतार’सारखा त्याच हिशेबाने बनवलेला असेल तर घ्या, नाहीतर टूडी. चार पैसेही वाचतील.

हिंदी डब की इंग्रजी?

विनोदी असेल तर हिंदी जास्त रंगतं. ‘डेडपूल २’ला रणवीर सिंगचा आवाज आहे, तो ऐकण्यासारखा आहे, फक्त सासूबाईंसोबत नको. थरारपट मात्र मूळ भाषेत, खाली उपशीर्षकं लावून. कुजबुज डब करता येत नाही.

सुपरहिरोंचे दिवस संपले म्हणतात. खरं का?

आळशी सुपरहिरोंचे संपत आले असावेत. ‘द मार्व्हल्स’ (२०२३) पडला, आणि लगेच पुढच्या वर्षी ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ने अब्ज डॉलरचा पल्ला ओलांडला. लोक कंटाळले आहेत ते सक्तीच्या अभ्यासाला.

नावं सरकायला लागल्यावर बसून राहायचं का?

मार्व्हल असेल तर हो, नावांच्या मध्ये किंवा शेवटी बहुधा एखादा छोटा प्रसंग असतो. बाकीच्यांना पार्किंगमधून गाडी आधी काढा.

आज रात्री एकच बघायचा आहे, घरात आजीपासून नातवापर्यंत सगळे आहेत. लवकर सांग.

‘झपाटलेला’. नातू बारा-तेरा वर्षांचा असेल तर हिंदी ‘दृश्यम’. आणि मोबाइल लांब ठेवायला सांगा, विशेषतः जावईबापूंना, ते मधेच शेवट शोधून मोठ्याने वाचतात.